याखिमोव्हच्या दरीत पाच दिवस

पहिला दिवस

कार्लोव्ही व्हारीहून निघालेली बस ऑस्त्रोव्ह सोडते आणि चढाला लागते. तोवर दोन्ही बाजूंना मोकळी शेतं असतात. मग एकाएकी डोंगर अंगाशी येतात, रस्त्याला लागून ओढा वाहायला लागतो आणि ऊन दिसेनासं होतं. "आई, पोचलो बघ," रेवा म्हणाली. मी अजून गाव शोधत होते. गाव रस्त्यालाच लागून होतं, ओढ्याच्या दोन्ही कडांना चिकटलेलं, लांबच लांब. दरी इतकी अरुंद की आडवं पसरायला जागाच नाही. घरं एकामागे एक वर चढत गेलेली.

हे याखिमोव्ह. चेक प्रजासत्ताकाच्या वायव्य टोकाला, जर्मनीच्या सीमेजवळ, क्रुश्ने होरी या डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर. कागदोपत्री ते शहर आहे, कारण १५२० साली राजाने तसा हुकूम काढला होता. आज वस्ती अडीच हजारांच्या आसपास. आपल्याकडे याला कुणीही गावच म्हणेल, आणि मीही तेच म्हणणार आहे.

इथे यायचं कारण घरातलंच. माझे बाबा चंद्रपूरजवळच्या कोळसा खाणीत होते. भोंग्यावर उठणारं, भोंग्यावर जेवणारं आमचं घर. त्यांची नात आता डोंगरापलीकडे, जर्मनीतल्या फ्रायबर्गला खनिकर्माचं शिकते. पहिल्याच सत्रात तिने फोनवर सांगितलं होतं, "आई, डॉलर हा शब्द आणि रेडियम, दोन्ही एकाच गावातून निघालेत. आणि ते गाव इथून डोंगर ओलांडला की आहे." तेव्हापासून ते गाव माझ्या डोक्यात बसलं होतं. बाबा असते तर त्यांनाच घेऊन आले असते.

डोंगराची ठेवण समजून घ्यायला सह्याद्री आठवावा. कोकणातून वर येताना घाट जसा अंगावर येतो आणि देशावर मात्र जमीन हळूहळू उतरत जाते, तसंच इथे आहे, फक्त दिशा बदलून. दक्षिणेकडून, म्हणजे बोहेमियाच्या, आजच्या चेक देशाच्या बाजूने, कडा उभा आहे आणि उत्तरेला जर्मनीतल्या सॅक्सनीकडे उतार सावकाश जातो. सगळ्यात उंच शिखर क्लिनोव्हेत्स, १,२४४ मीटर. गावाच्या वरच्या अंगाहून तिथे दोरवाट जाते. 'क्रुश्ने'चा मूळ अर्थ धातुकामाशी जोडलेला आहे, खनिज फोडण्याशी. आजच्या चेक भाषेत मात्र त्या शब्दाचा अर्थ खडतर, कष्टाचं असा होतो. एकाच शब्दात दोन्ही अर्थ कसे आले असतील, ते पुढच्या चार दिवसांत मला कळत गेलं.

संध्याकाळी मुख्य रस्त्याने वर चालत गेलो. खालच्या टोकाला आरोग्यस्नानाची मोठमोठी हॉटेलं, रंग दिलेली, बागा राखलेल्या. जसजसं वर जावं तसतशी घरं जुनी होत जातात. दगडी चौकटी सुरेख कोरलेल्या, पण खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. एका दारावरच्या कमानीत १५०० नंतरचं कुठलं तरी साल होतं, शेवटचे आकडे झिजून गेलेले. सोळाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात इथे १८,००० च्या आसपास माणसं राहत होती. बोहेमियात प्रागच्या खालोखाल हेच मोठं शहर. आता त्या रस्त्यावर आम्ही दोघी, एक कुत्रं घेऊन चाललेले आजोबा आणि पाण्याचा आवाज. घरं रिकामी होण्यामागे चांदी संपणं हे एक कारण आहे आणि १८७३ ची आग हे दुसरं. तिसरं कारण सगळ्यात जवळचं. गाव मुळात जर्मन बोलणाऱ्यांचं, नाव सांक्ट योआखिम्सताल. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५-४६ मध्ये, इथल्या जर्मन लोकांना देशाबाहेर घालवलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या खाणीत उतरलेली घराणी थोडक्या सामानासकट गेली. ज्यांना हे दगड कुठून आणले ते ठाऊक होतं, ती माणसंच उरली नाहीत.

दुसरा दिवस

सकाळी टाकसाळीत. राजाची टाकसाळ म्हणून १५३० च्या दशकात बांधलेल्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तळघरात उतरताना थंडी पायांतून वर चढते.

त्याआधी इथे कोनराड्सग्र्यून नावाची ओस पडलेली वस्ती होती. डोंगरात चांदी लागली आणि १५१६ मध्ये काउंट श्टेफान श्लिक याने खाणीचं गाव वसवलं. सॅक्सनीच्या बाजूला संत अॅनाच्या नावाचं खाणीचं शहर होतंच. अॅना म्हणजे मेरीची आई, म्हणून इथे तिच्या नवऱ्याचं, योआखिमचं नाव आलं. ताल म्हणजे दरी. योआखिमची दरी.

पाहता पाहता इतकी चांदी निघाली की श्लिकांनी स्वतःची नाणी पाडायला सुरुवात केली. त्यातलं एक काचेखाली ठेवलं आहे. मी बराच वेळ त्यावर वाकून उभी होते. रुंद, जडशीळ नाणं, अडीच तोळ्यांच्या आसपास. एका बाजूला दाढीवाला संत योआखिम, पायाशी श्लिकांचं चिन्ह. दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा दुहेरी शेपटीचा सिंह आणि कडेने राजा लुडविगचं नाव. कड एकसारखी गोल नाही. एका जागी ठसा जरासा घसरला आहे आणि संताच्या खांद्याची रेघ दोनदा उमटली आहे. ज्या कामगाराने हातोडा मारला त्याचा हात त्या क्षणी किंचित हलला असणार. पाचशे वर्षं तो हलला तसाच राहिला आहे.

योआखिम्सतालची नाणी म्हणून लोक त्यांना 'योआखिम्सतालर' म्हणू लागले. एवढं लांब नाव कोण घेणार? उरलं 'टालर'. डच लोकांनी त्याचं 'डाल्डर' केलं, इंग्रजांनी 'डॉलर'. १७८५ मध्ये अमेरिकेने आपल्या चलनाला तेच नाव दिलं. आपल्याकडे कुणाचं पोरगं अमेरिकेला गेलं की 'डॉलर कमावतो' म्हणतात. त्या शब्दात या ओढ्याकाठची दरी अजून आहे.

श्लिकांचं राज्य मात्र फार टिकलं नाही. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत, तुर्कांशी लढताना, नाण्यावरचा राजा आणि नाणं पाडणारा काउंट दोघेही गेले. नंतरच्या राजाने, फर्डिनांडने, १५२८ मध्ये नाणी पाडायचा हक्क काढून घेतला.

पण माझं मन अडकलं ते वेगळ्याच माणसात. १५२७ मध्ये इथे गावाचा वैद्य म्हणून एक तरुण डॉक्टर आला, गेओर्ग आग्रिकोला. रोग्यांना औषधं द्यायची, आणि वेळ मिळेल तेव्हा खाणीत, भट्टीवर, खाणकामगारांच्या घरी जाऊन विचारत बसायचं. हे काय, ते कसं, दगड फुटत नसेल तर काय करता, पाणी कसं उपसता. या गावात तो जेमतेम तीन-चार वर्षं राहिला, पण त्या विचारपुशीतून पुढे खाणकामावरचा त्याचा मोठा ग्रंथ, 'दे रे मेतालिका', तयार झाला. तो छापून आला १५५६ मध्ये, आग्रिकोला वारल्यावर वर्षभराने. त्यातली लाकडावर कोरलेली चित्रं संग्रहालयात मोठी करून लावली आहेत. पाणी उपसणारी चाकं, हवेसाठी भाते, शिडीवरून उतरणारी माणसं, पाठीला बांधलेलं चामडं. त्या चामड्यावर बसून ते तिरक्या बोगद्यातून घसरत खाली जात.

रेवाने वाचून दाखवलं: दिवसाच्या चोवीस तासांत तीन पाळ्या, प्रत्येक सात तासांची, मधे एकेक तास. आणि रातपाळीत डोळा लागू नये म्हणून खाणकामगार गाणी म्हणत. ती ऐकायला बरी वाटतात, असंही आग्रिकोलाने लिहून ठेवलं आहे.

मी मधेच थांबले. आमचे बाबा रातपाळीला जाताना अभंग गुणगुणत सायकल काढायचे. खाली गेल्यावरही म्हणतात का, असं मी लहानपणी विचारलं होतं. "म्हणावंच लागतं," ते म्हणाले होते. ते कारण इतक्या जुन्या पानावर लिहिलेलं असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्याच ग्रंथात त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, कार्पाथियन डोंगरातल्या खाणींबद्दल. तिथे अशा बायका आहेत की ज्यांनी एकामागून एक सात नवरे केले. सगळे फुप्फुसं खंगून अकाली गेले. वैद्याने हे लिहिलं याचं मला फार बरं वाटलं. चाकांची आणि पंपांची मापं लिहिता लिहिता त्याने मागे राहिलेल्या बायकांकडेही पाहिलं.

दुपारी 'श्टोला नंबर एक'. श्टोला म्हणजे डोंगरात आडवा खणलेला बोगदा. हा जुन्या चांदीच्या काळातला नाही, युरेनियमच्या काळात खणलेला आहे. हेल्मेट घातलं, दाराशी मार्गदर्शक काका म्हणाले, "झ्दार बूह." देव यश देवो. खाणीत उतरणाऱ्यांचा हा चेक रामराम. आत आठ-दहा अंश थंडी, छतातून टपटप पाणी. काकांनी बोट दाखवलं तिथे भिंतीतून एक काळसर पट्टा गेला होता, वीतभरही नसेल. इथल्या खडकातल्या खनिजाच्या शिरांमध्ये पाच धातू एकत्र सापडतात: चांदी, कोबाल्ट, निकेल, बिस्मथ आणि युरेनियम. यातल्या दोघांची नावं शिव्याच आहेत. चांदी समजून फोडलेला दगड भट्टीत टाकला की चांदी निघायची नाही, विषारी धूर मात्र निघायचा. मग खाणकामगार म्हणत, हे खाणीतल्या भुताचं, कोबोल्डचं काम. तांब्यासारखा दिसून तांबं न देणारा दगड म्हणजे निकेल या खोडकर भुताचं. काका हसले आणि म्हणाले, "आम्ही भुतांना नावं दिली, शास्त्रज्ञांनी ती तशीच ठेवली."

पाचव्या धातूचीही गोष्ट अशीच. काळा, जड, डांबरासारखा चमकणारा दगड. तो लागला की चांदीची शीर संपली, असा अनुभव. चेकमध्ये त्याला 'स्मोलिनेत्स' म्हणतात. 'स्मूला' म्हणजे डांबर, आणि 'स्मूला' म्हणजे दुर्दैवही. जर्मनमध्येही तसंच, 'पेख'. त्यावरून पिचब्लेंड. तो दुर्दैवी दगड लोक खाणीबाहेर फेकून देत.

तिसरा दिवस

आज पाऊस. सकाळी खाली बागेत गेलो. रेडियम पॅलेस हे १९१२ साली उघडलेलं पांढरंशुभ्र हॉटेल, एखाद्या राजवाड्यासारखं. बाकांवर चालायच्या काठ्या टेकवून बसलेली म्हातारी माणसं, बहुतेक सांध्यांच्या दुखण्याची. नावात 'रेडियम' पाहून मला आपल्याकडच्या नंबर प्लेटवाल्यांची दुकानं आठवली. गाडीला चमकपट्टी लावून घ्यायची तर आपण अजून 'रेडियम लावून घेतो' म्हणतो. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो, पण अंधारात चमकणाऱ्या वस्तूला आपण हाच शब्द धरला. तो शब्दही या दरीतल्या मातीतून वर आला.

१७८९ मध्ये बर्लिनच्या क्लाप्रोथने याच डोंगररांगेतल्या पिचब्लेंडमधून नवं मूलद्रव्य ओळखलं आणि त्याला युरेनियम नाव दिलं. त्याचा उपयोग काय? रंग. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे युरेनियमचे पिवळे-केशरी रंग बनवायचा सरकारी कारखाना चालायचा. बोहेमियाच्या काचकामात आणि चिनी मातीच्या भांड्यांत ते जात. रंग काढून घेतला की उरलेला चोथा रानात पाइनच्या झाडांखाली टाकत.

तो चोथा पॅरिसला गेला. मारी आणि पिएर क्युरी यांना १८९८ मध्ये पिचब्लेंडमध्ये पोलोनियम आणि रेडियम असल्याचं कळलं होतं, पण ते दाखवायला ढीगभर खनिज हवं आणि खनिज महाग. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष एडुआर्ड ज्यूस यांनी शब्द टाकला आणि ऑस्ट्रियाच्या सरकारने सुरुवातीला टनभर चोथा त्यांना दिला. पोती उघडली तेव्हा आत तपकिरी माती आणि तिच्यात मिसळलेल्या पाइनच्या सुया होत्या. त्या मातीतल्या काही टनांमधून १९०२ मध्ये ग्रॅमचा दहावा भाग रेडियमचा क्षार हाती लागला.

पाऊस थांबल्यावर मी रस्त्याकडेच्या झाडाखालून मूठभर पाइनच्या सुया उचलल्या. ओल्या, बोटांना टोचणाऱ्या, राळेच्या वासाच्या. पॅरिसच्या त्या शेडमध्ये कढईतलं मिश्रण घोटणाऱ्या मारीबाईंच्या बोटांना अशाच टोचल्या असतील. आजवर शाळेत शिकवताना मी किती वेळा रेडियमचा शोध सांगितला, पण त्यात झाड कधी नव्हतं. पुढच्या वर्षी आठवीच्या वर्गात सुरुवात या सुयांपासून करणार आहे.

रेडियमचं नाव जगभर झालं तेव्हा गावाच्या लक्षात आलं की आपल्या खाणीतलं पाणीही वेगळं आहे. स्व्होर्नोस्त खाणीत १८६४ मध्ये चांदीच्या मागे खोल जाताना बाराव्या पातळीवर, जमिनीखाली पाचशे मीटरच्या आसपास, कोमट पाण्याचा मोठा झरा फुटला होता आणि खाण बुडाली होती. तेव्हा ते संकट होतं. १९०६ मध्ये त्याच पाण्यात रोगी बसवायला सुरुवात झाली. आधी एका पाववाल्याच्या घरात, पाणी खाणीतून वाहून आणून. जगातलं रेडॉनचं पहिलं आरोग्यस्नान हे. रेडॉन हा रेडियममधून सुटणारा वायू, पाण्यात विरघळलेला. आजही पाणी त्याच स्व्होर्नोस्तमधून येतं, फक्त नळाने.

बागेत एक आजी भेटल्या. दरवर्षी येतात, पाठीच्या कण्यासाठी. रेवाच्या मोडक्या चेकमध्ये आणि त्यांच्या थोड्या जर्मनमध्ये गप्पा झाल्या. टबात वीस मिनिटं निजायचं. "हलायचं नाही," आजी बोट उगारून म्हणाल्या. हललं की पाणी ढवळतं आणि वायू उडून जातो. मी विचारलं, भीती नाही वाटत? त्यांनी खांदे उडवले. थोडं औषध, फार विष, असं काहीसं त्या म्हणाल्या.

या शेवटच्या शब्दावर मी रात्री बराच वेळ विचार करत होते. ज्या वायूचा माफक डोस इथे डॉक्टर मोजून देतात, तोच वायू खाणकामगारांनी आयुष्यभर बंद बोगद्यात ओढला. इथल्या माणसांच्या त्या जुन्या खोकल्याला 'डोंगराचा आजार' म्हणत. तो फुप्फुसाचा कर्करोग आहे, हे डोंगरापलीकडच्या श्नेबर्गच्या डॉक्टरांनी १८७९ मध्ये दाखवलं, आणि याखिमोव्हच्या खाणकामगारांबद्दल १९३० च्या आसपास सिद्ध झालं. बाबांचाही खोकला होता. त्यांचा कोळशाच्या धुळीचा. रात्री शेजारच्या खोलीतून ऐकू यायचा आणि आई उठून पाणी गरम करायची.

चौथा दिवस

आजच्या दिवसाबद्दल लिहिणं अवघड आहे.

गावाच्या वर रानातून एक पायवाट जाते, आठ-नऊ किलोमीटरची. तिचं नाव 'याखिमोव्हचा नरक'. जागोजागी फलक आहेत आणि जुनी छायाचित्रं. सकाळी धुकं होतं, ब्लूबेरीची झुडपं ओली होती, कुठे कुठे सिमेंटचे पाये गवतातून डोकं काढून होते. बाकी काही नाही. बराकी पाडून टाकल्या आहेत.

नोव्हेंबर १९४५ मध्ये चेकोस्लोव्हाकिया आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला: इथलं युरेनियम सोव्हिएत संघाला जाईल. हिरोशिमाला तीनच महिने झाले होते आणि स्टालिनला बॉम्ब हवा होता. खाणीत उतरणारी जर्मन माणसं हाकलली जात होती. मग कोण उतरणार? आधी जर्मन युद्धकैदी आले. १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतल्यावर राजकीय कैदी आले, हजारोंनी. शेतकरी, शिक्षक, पाद्री, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने लढून परतलेले सैनिक, स्काउटची पोरं. १९४९ मध्ये आइस हॉकीचं जगज्जेतेपद जिंकलेल्या संघातल्या खेळाडूंनाही १९५० मध्ये पकडलं. गोलकीपर बोहुमिल मोद्रीला १५ वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर तो १९६३ मध्ये गेला, वयाच्या ४६ व्या वर्षी.

छावण्यांना खाणींची नावं होती. फलकावर रेवाने एकेक वाचली आणि मी अर्थ विचारत गेले. रोव्हनोस्त म्हणजे समता. ब्रात्र्स्त्वी म्हणजे बंधुता. स्व्होर्नोस्त म्हणजे एकजूट. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. शाळेत रोज सकाळी मुलांकडून संविधानाची उद्देशिका म्हणून घेते मी. हे शब्द माझ्या तोंडात रोज असतात. इथे ते काटेरी तारेच्या फाटकावर होते.

निकोलाय नावाच्या छावणीतून माणसं एडुआर्ड खाणीकडे चालत नेत. पाच-पाचच्या रांगा करून सगळ्यांना मिळून एका पोलादी दोरीने आवळून बांधत आणि दोरीला कुलूप लावत. कैदी त्याला 'रशियन बस' म्हणायचे. एक घसरला की सगळे ओढले जायचे, आणि इथे बर्फ महिनोन्‌महिने असतं. स्व्होर्नोस्तची छावणी खाणीच्या वर टेकडीवर होती. तिथून शाफ्टपर्यंत, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीपर्यंत, अडीचशेच्या वर पायऱ्या. नाझी छावणीतून वाचून पुन्हा इथे आलेल्यांनी त्यांना त्या जुन्या छावणीचंच नाव दिलं, माउथहाउझेनच्या पायऱ्या. आम्ही त्या उतारावर उभ्या राहिलो. पाळी संपवून, ओले कपडे अंगावर, एवढं चढून जायचं. बाबा पाळीवरून आले की आई दारात पाण्याची बादली ठेवायची आणि ते पायरीवर टेकायचे. टेकणं एवढंच त्यांचं पहिलं काम असायचं.

खरं तर मला इथल्या हिशेबाची जाणीव सारखी होत राहिली. वर जे आलं त्याचं वजन ग्रॅममध्ये, टनामध्ये लिहिलेलं आहे. खाली जे गेले त्यांच्या नोंदी कोपऱ्यात, जमेल तशा. बाबांच्या खाणीत बत्तीघराबाहेर टोकनांचा फळा असायचा. पाळी सुटल्यावर एखादं टोकन आलं नाही की मोजणी थांबायची, पुढचं काही व्हायचं नाही. कुणी खाली राहिलंय, एवढी एक गोष्ट पुरेशी होती. त्या पायऱ्यांवर उभी राहून मी तोच फळा शोधत होते.

दुपारच्या बसने खाली ऑस्त्रोव्हजवळच्या विक्मानोव्हला गेलो. तिथे लाल विटांचा एक चौकोनी मनोरा आहे, 'मृत्यूचा लाल मनोरा'. 'एल' नावाच्या छावणीतला. १९५१ ते १९५६ या काळात खाणींतलं खनिज इथे यायचं. कैदी ते दळायचे, पिंपांत भरायचे आणि पिंपं रेल्वेने सोव्हिएत संघाला जायची. धुळीपासून बचाव नव्हता. आता तो जागतिक वारशात आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने सीमेच्या दोन्ही बाजूंच्या या खाणप्रदेशाची नोंद केली, एकूण २२ ठिकाणं, त्यातली पाच चेक बाजूला. त्यात हा मनोरा आणि याखिमोव्ह दोन्ही. आम्ही तो बाहेरूनच पाहिला. वरच्या एका खिडकीत कबुतर बसलं होतं. विटांचा रंग सुंदर आहे, हे लिहितानाही मला अपराधी वाटतं, पण तसा आहे.

परतल्यावर चर्चपाशी राजकीय कैद्यांच्या स्मारकाजवळ थोडा वेळ बसलो. कुणीतरी ताजी फुलं ठेवून गेलं होतं. रेवा अख्खी संध्याकाळ गप्प होती. रात्री म्हणाली, "आई, आमच्या वर्गात खनिजाची शीर कशी ओळखायची ते शिकवतात. हेही शिकवायला हवं."

पाचवा दिवस

पहाटे मी एकटीच वर स्व्होर्नोस्तपाशी गेले. ही खाण १५१८ पासूनची. युरेनियमचं काम साठच्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं, छावण्या त्याआधीच उठल्या, पण ही खाण बंद झाली नाही. झऱ्यांसाठी तिथे अजून माणसं उतरतात. सात वाजायच्या आधी दोघे जण डबे घेऊन आले. मी फाटकाबाहेर उभी होते. काय बोलावं सुचेना, म्हणून जे एक येत होतं ते म्हणाले, "झ्दार बूह." त्यांनी चमकून पाहिलं आणि दोघांनीही तेच परत म्हटलं. मग आत गेले. थोड्या वेळाने आतून यंत्राची घरघर सुरू झाली, काही मिनिटं चालली आणि थांबली. पिंजरा खाली पोचला असणार.

नंतर बसने वर बोझी दारला. १,००० मीटरहून उंचावरचं, देशातलं सगळ्यात उंच शहर. बोझी दार म्हणजे देवाची देणगी. डोंगरमाथा उघडा, वाऱ्याचा, पीटच्या दलदलीचा. इथून ब्लात्नाचा पाट निघतो. होर्नी ब्लात्नाच्या कथिलाच्या खाणींना पाणी हवं होतं म्हणून १५४० ते १५४४ या चार वर्षांत माणसांनी हा बारा-तेरा किलोमीटरचा पाट खणला, डोंगराच्या कडेकडेने, उतार जेमतेम राखत. काठाने पायवाट आहे. आम्ही तासभर चाललो. पाणी अजून वाहतं, स्वच्छ, तळाची लाकडं दिसतील असं, आवाज न करता. रेवाने उतार किती असेल याचा हिशेब मांडला आणि मान डोलावली. तिच्या आजोबांना एखादं काम पसंत पडलं की तेही अशीच मान डोलवायचे. तिला ते माहीत नाही.

जेवायला ब्लूबेरी भरून उकडलेले गोळे, वरून दही आणि साखर. पारीत सारण भरून उकडायचं, म्हणजे आपल्या मोदकाच्या वाटेनेच. मी दोन खाल्ले, रेवाने पाच.

मग सीमा पायी ओलांडली. नाका नाही, पाटी आहे. पलीकडे ओबरवीसेन्टालहून खाली क्रान्त्सालला अजून कोळशाच्या इंजिनाची छोटी गाडी जाते. गाडीची वाट पाहत फलाटावर बसले आणि घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. आईला सांगितलं, खाणीचं गाव पाहून आले. चांदीचं, आणि रेडियमचं. तिने नीट ऐकून घेतलं. नाणं, झरा, आजी, सगळं. छावण्यांचं मी सांगितलं नाही.

"भोंगा होतो का गं तिथे?" तिने विचारलं.

"नाही आई. ऐकला नाही."

"मग पाळी सुटली हे घरात कसं कळायचं?"

इंजिनाने शिट्टी दिली. मी फोन तिकडे धरला, तिला ऐकू जावी म्हणून.